उजव्या कानाचा दडा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला कानातून निघालेल्या चमत्कारिक वस्तूंवर एक खुसखुशीत लेख मागितला आहे. वस्तू निघाल्या, हे खरे. भाताचा दाणा, खोडरबराचा तुकडा, जिवंत झुरळ, मंगळसूत्रातला काळा मणी, आणि कापसाचे इतके बोळे की एखादी लहान उशी भरावी. परंतु खुसखुशीत लिहिणे मला जमत नाही. पौडच्या बाजारपेठेत दोन खोल्यांचा कान-नाक-घशाचा दवाखाना मी एकतीस वर्षे चालवला आणि दोन वर्षांपूर्वी बंद केला. थकलो होतो, एवढेच कारण. त्या एकतीस वर्षांत एका माणसाचा कान माझ्या हातून गेला. त्याचे नाव धोंडिबा मरगळे. हा लेख त्याच्याविषयी आहे. मळाविषयी जे काही सांगणार आहे, ते त्याची हकीकत नीट समजावी म्हणून.

प्रथम एक शब्द. मुळशीत कानाची तक्रार बहुधा एकाच शब्दात सांगतात: दडा. घाट चढताना कान बंद झाला की दडा बसला. सर्दीने कान जड झाला तरी दडा. अंघोळीचे पाणी लागून आतला मळ फुगला तरी दडा, कानाशी फटाका फुटला तरी दडा, आणि म्हातारपणी ऐकू येईनासे झाले तरी दडाच. आजार वेगवेगळे, शब्द एक. रुग्ण शब्द घेऊन येतो. त्या शब्दाच्या आडून नेमका आजार वेगळा काढणे हे डॉक्टरचे काम. ते काम आपल्याला चांगले येते, अशी माझी समजूत होती.

दडा बसवणाऱ्यांत पहिला मान मळाचा. मळ म्हणजे घाण नव्हे. नाव ठेवतानाच त्याच्यावर अन्याय झाला आहे. कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागातली कातडीच तो तयार करते. धूळ, पाणी आणि किडे अडवणे हे त्याचे काम. आपण जेवतो, बोलतो, तेव्हा जबडा हलतो आणि मळ हळूहळू आपोआप बाहेर सरकतो. काहींचा मळ मधासारखा ओला असतो, काहींचा कोंड्यासारखा कोरडा. ते जन्माने ठरते. त्यात कोणाचा दोष नाही. निरोगी कानातील मळाला हात न लावणे हा सर्वांत उत्तम उपचार आहे. हे मी एकतीस वर्षे रोज सांगितले. लोकांनी काडेपेटीची काडी, केसांची पिन, मोटारसायकलची किल्ली आणि लसूण कढवलेले तेल यांपैकी काहीही सोडले नाही.

नेऱ्याहून एक तरुण अभियंता येत असे. नोकरी हिंजवडीत, दिवसभर कानात इअरफोन, आणि अंघोळीनंतर कापसाची काडी.

"सर, मी तर डेली क्लीन करतो. तरी ब्लॉक कसा होतो?"

"म्हणूनच होतो."

"म्हणजे?"

"तुम्ही मळ काढत नाही. बंदुकीत दारू ठासतात तसा आत ठासता."

"मग क्लीन कसं करायचं?"

"करायचे नाही."

मला विषय कळत नाही असे त्याला वाटले, आणि तो शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनीही तेच सांगितले असावे. सहा महिन्यांनी परत आला, काड्यांचा भरलेला डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा तुम्हीच ठेवा, सर. घरी असला की हात जातो."

मळाचा रंग आणि वास बरेच सांगतात. जुना मळ काळा पडतो, त्यात काळजीचे काही नाही. पावसाळ्यात तेल घातलेल्या कानात बुरशी येते. ती ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी दिसते आणि तिच्यावर शाईचे असावेत तसे काळे ठिपके असतात. पांढुरके, शिंपल्यासारखे चकाकणारे पापुद्रे आणि त्यांना कुजका वास असेल, तर तो मळ नव्हे. तो आतले हाड खाणारा आजार असतो आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते. कानात धान्याचा दाणा गेला असेल, तर पाणी मुळीच मारू नये. दाणा फुगतो आणि निघता निघत नाही.

एकदा मात्र रंगाने मलाही चकवले. पिरंगुटच्या एका कारखान्यात काम करणारा बिहारी कामगार कान बंद झाला म्हणून आला. त्याच्या कानातून निघालेला मळ निळा होता, आकाशी निळा. मी तो पांढऱ्या कापसावर ठेवून बराच वेळ पाहिला. असा कोणता आजार मला आठवेना.

"घबराइए मत, डॉक्टरसाब," तोच मला धीर देत म्हणाला, "पिछले महीने पीला था. अभी आसमानी का ऑर्डर चल रहा है."

लोखंडी कपाटांवर रंगाची भुकटी फवारण्याचे त्याचे काम होते. मी त्याला तोंडाबरोबर कानही झाकायला सांगितले. संपादकांना अशाच गोष्टी हव्या होत्या, हे मी जाणतो. त्या एवढ्याच पुरेत.

धोंडिबा प्रथम आला तो गोचिडीमुळे. माले गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सपाटीवर, चार-पाच घरांचा धनगरवाडा आहे, तो तिथला. शेरडे राखायची, आणि पावसाळ्यात थोडी नाचणी करायची. तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला असावा. खुर्चीत बसायला तयार नव्हता. उभ्यानेच बोलला.

"कानात कोनतरी हाय, डाक्टर."

"कोण आहे?"

"आता मी आत जाऊन बगू का? चावतुया, एवडं कळतंय."

त्याची बायको ठकूबाई दाराशी उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "दोन दिस झालं. मला म्हंत्यात, तू लई बोलतीस म्हनून दुकतंय."

"ते बी असंल," धोंडिबा म्हणाला आणि बसला.

नळीच्या कातडीला गोचीड चिकटली होती, रक्त पिऊन टम्म झालेली. जिवंत गोचीड नुसती ओढली तर मुंडके आत राहते. म्हणून आधी बधिर करणारे औषध टाकून तिला शांत करावे लागते आणि मग चिमट्याने धरून काढावे लागते. ती निघाली. धोंडिबाने तळहातावर घेऊन तिला निरखले.

"कानाडीची हाय. माजी शेरडी ती."

"गोचिडीवर मालकिणीचे नाव असते का?"

"दुपारच्याला मी कानाडीला टेकूनच निजलो व्हतो. दुसऱ्या कुनाची कशाला येती?"

मी त्या दिवशी त्याला विचारले, की पावसाळ्यात त्या सपाटीवर धुके इतके असते की हात पुढे केला तर बोटे दिसत नाहीत. अशा धुक्यात शेरडे सापडतात कशी? या प्रश्नाचेच त्याला नवल वाटले.

"सापडायची कशाला? वाजत्यात की. कानाडी वढ्याकडं, ढवळी वरल्या अंगाला. डोळं काय कामाचं तितं?"

प्रत्येक शेळीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज त्याला वेगळा ओळखू येत असे. आवाज कोणत्या बाजूने, किती लांबून, कड्याकडून की झाडीतून, हे तो मान न वळवता सांगत असे. याला शास्त्र आहे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाशी किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. दोन कानांतला तो बारीक फरक मेंदू मोजतो, आणि त्यावरून दिशा कळते. एक कान गेला तर आवाज येतो, पण कोठून येतो ते कळत नाही. शहरातल्या माणसाला त्याने रस्ता ओलांडताना अडचण होते. धुक्यात शेरडे राखणाऱ्याचा धंदाच बुडतो.

हे सर्व मला ठाऊक होते. पुढे जे घडले, त्यावेळीही ठाऊक होते.

दवाखाना बंद करण्याच्या पाच वर्षे आधीची गोष्ट. श्रावण होता आणि बाजाराचा दिवस होता. बाकांवर जागा नव्हती, काही लोक पायरीवर बसले होते. धोंडिबा कोकणात माणगावकडे बहिणीला भेटायला गेला होता आणि आदल्या दिवशी ताम्हिणीच्या घाटाने एसटीतून परत आला होता.

"उजव्या कानाला दडा बसला, डाक्टर. काल घाट चडताना बसला, तो सुटलाच न्हाई."

"सर्दी आहे?"

"हाय थोडी."

श्रावणात आमच्याकडे सर्दी नसलेला माणूस शोधावा लागतो. मी कानात पाहिले. आत तपकिरी मळाचा खडा होता. कोमट पाण्याची पिचकारी मारली. खडा आख्खा निघाला, तो मी त्याला दाखवला. आपल्या आजाराचे कारण डोळ्यांनी पाहिले की रुग्णाला बरे वाटते, असा माझा अनुभव होता.

धोंडिबाने खड्याकडे पाहिले. "पन दडा सुटला न्हाई."

"सुटेल. घाटाचा दाब आहे, त्यात सर्दी. नाकात थेंब टाका. आठ दिवसांनी या."

"आत किरकिर वाजतंय. आन् घेरी येतीया सकाळधरनं."

कान धुतल्यावर पाण्यामुळे क्वचित घेरी येते. ती थोड्या वेळात जाते. "पाण्याने येते," मी म्हणालो. "बाहेर जरा वेळ बसा." आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

कान मी धुतला तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. तो 'सकाळधरनं' म्हणाला होता. माणसांना ऐकू यावे यासाठी मी आयुष्यभर बसलो, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उच्चारलेला तो शब्द मी ऐकला नाही.

चूक कशी झाली, हे नंतर मी पुष्कळदा मांडून पाहिले. त्याने 'दडा' म्हटले, आणि घाटातला दडा मला पाठ होता. कानात मळ सापडला. सापडलेले कारण तेच खरे कारण, असे मानून मी थांबलो. मळ खरा होता, सर्दी खरी होती, घाटही खरा होता. त्या तिन्हींच्या मागे चौथी गोष्ट होती. त्याच्या उजव्या कानाची नस त्या चोवीस तासांत अचानक निकामी होत चालली होती. असा आजार आहे. तो बहुतेक वेळा एकाच कानाला होतो, दुखत नाही, आणि रुग्णाला फक्त कान बंद झाल्यासारखे वाटते. कारण पुष्कळदा कळत नाही. औषध आहे, पण ते पहिल्या काही दिवसांत द्यावे लागते. जितके दिवस जातील तितकी आशा कमी.

मळाचा दडा आणि नसेचा दडा ओळखण्यासाठी आमच्याकडे एक साधा पोलादी काटा असतो. तो आपटून त्याची थरथर रुग्णाच्या कपाळाला टेकवतात आणि आवाज कोणत्या बाजूला येतो ते विचारतात. मळाने किंवा सर्दीने कान बंद असेल, तर आवाज बंद कानातच मोठा येतो. नस गेली असेल, तर तो चांगल्या कानाकडे जातो. याला अर्धे मिनिट लागते. काटा माझ्या उजव्या हाताच्या खणात होता.

वाचकांनी या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल, तर ही घ्यावी. एक कान अचानक बंद झाला, तर ओठ मिटून 'म्' असा लांब हुंकार द्यावा. तो बंद कानात मोठा वाजला, तर बहुधा मळ किंवा सर्दी. तो फक्त चांगल्या कानात वाजला, तर त्याच दिवशी कानाचा डॉक्टर गाठावा आणि कपाळाला काटा लावायला सांगावे. सांगायला संकोच करू नये. डॉक्टर घाईत असतील तर पुन्हा सांगावे. हुंकाराने शंका फिटली नाही, तरी जावेच.

धोंडिबा बाराव्या दिवशी आला. ठकूबाई बरोबर होती आणि ती पायरीपासूनच बोलत होती.

"आट दिसांनी या म्हनले व्हते न्हवं? ह्ये आज निगालं. म्हंत्यात, धुकं हाय, शेरडं टाकून कसा येऊ. शेरडं काय एसटीत बसून पळून चालली व्हती?"

धोंडिबा मान थोडी उजवीकडे वळवून, डावा कान माझ्याकडे करून बसला. त्याचे ते बसणे पाहिले आणि मी काही न विचारता खण उघडला.

"कोणत्या बाजूला वाजते?"

"डाव्या."

मी काटा पुन्हा आपटला, पुन्हा लावला.

"डाव्याच, डाक्टर. उजव्याला कायबी न्हाई."

त्याच दुपारी मी त्याला पुण्याला एका मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे माझ्या परिचयाचे डॉक्टर होते. त्यांनी गोळ्या दिल्या, कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शने दिली, जे करता येण्यासारखे होते ते सर्व केले. उजवा कान परत आला नाही. पहिल्या दिवशी औषध सुरू केले असते तर कान वाचलाच असता, असे मी म्हणत नाही. काहींचा वाचतो, काहींचा वाचत नाही. परंतु ती संधी त्याची होती, आणि ती घेऊन तो वेळेवर माझ्या दारात आला होता.

महिन्याभराने दोघे तपासणीचा कागद घेऊन माझ्याकडे आले. मी कागद पाहिला आणि नस गेली आहे, असे सांगितले. मग धोंडिबाने विचारले, "लई उशीर केला का, डाक्टर, मी?"

मी म्हणालो, "उशीर झाला, हे खरे."

आपल्या भाषेत 'उशीर झाला' म्हटले की तो कोणी केला हे सांगावे लागत नाही. वाक्य खरे होते. त्याने त्यात स्वतःला बसवले, आणि ठकूबाईनेही त्यालाच बसवले.

"चार दिस आदी आलं असतं तर कान गेला नसता," ती त्याला म्हणाली. "शेरडापायी घालवलं."

मी लिहायला मान खाली घातली.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्याच भाद्रपदात एका धुक्याच्या दिवशी कानाडीची घंटा त्याला ऐकू आली आणि तो उलट्या बाजूला धावला. ती कड्याखाली सापडली, दोन दिवसांनी. पुढच्या पावसाळ्यात आणखी गेली, काही घसरून, काही बिबट्याने. मग त्याने कळप मोडला. घरापुरती चार शेरडे ठेवली, ती ठकूबाई राखते. स्वतः लवासाच्या बाजूला रिकाम्या पडलेल्या इमारतींवर रखवालदार म्हणून लागला. मी एकदा तिथल्या कामाविषयी विचारले, तर म्हणाला, "बरं हाय. तितं ऐकायला कायबी नसतंय."

तो माझ्याकडे येत राहिला. मेहुण्याचा फुटलेला पडदा, लेकीच्या कानातले पाणी, वाड्यावरच्या म्हाताऱ्यांचे मळ, सगळे माझ्याकडेच आणी. दर वेळी खुर्ची थोडी फिरवून डावा कान माझ्याकडे करून बसे. दर वेळी ठकूबाई कोणाला तरी सांगे, "डाक्टरचं ऐका, वेळच्या वेळी या. ह्येंच्यासारकं नगं." दर वेळी मला बोलता आले असते.

दवाखाना बंद केला तेव्हा जुनी कागदपत्रे रद्दीत घालण्यापूर्वी मी चाळली. त्यात धोंडिबाचा कागद निघाला. त्या श्रावणातल्या दिवसाची नोंद माझ्या अक्षरात होती: 'उजवा कान. मळ. काढला. ८ दिवस.' अक्षर चांगले होते. तो कागद मी रद्दीत घातला नाही आणि दुसरे काही केलेही नाही. दोन वर्षे तो घरात राहिला. यंदा संपादकांचे पत्र आले. चमत्कारिक वस्तूंची यादी करायला बसलो, आणि यादी करताना धोंडिबाच्या गोचिडीशी आलो. त्यापुढे लिहिता येईना. म्हणून भाद्रपदात एका सकाळी मालेपर्यंत मोटारीने गेलो आणि तिथून वर चालत गेलो. माझे वय आता त्र्याहत्तर आहे. चढायला दोन तास लागले. वर धुके होते.

धोंडिबा त्या दिवशी घरी होता. ओट्यावर बसला होता. मला पाहून उठला.

"डाक्टर? हितं? कोन मेलं का काय?"

"कोणी नाही. भेटायला आलो."

"म्हातारपनी बरी आटवन झाली. अगं, च्या टाक. डाक्टर आल्यात, चालत."

ओट्यावर त्याच्या डाव्या बाजूला पावसापासून वाचवलेल्या सरपणाची रास होती. मी मोकळ्या जागेत, उजव्या बाजूला बसलो. ठकूबाईने चहा आणून दोघांपुढे ठेवला आणि उंबऱ्यात बसली. लेकीची खुशाली झाली. माझे गुडघे झाले. मग मी समोर धुक्याकडे पाहत म्हणालो, की त्याने उशीर केला नव्हता. उशीर मी केला होता.

ठकूबाईची मान वर झाली. धोंडिबा चहा पीत होता. माझे ओठ हलल्याचे त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले असावे.

"काय म्हनला?"

तेव्हा 'काही नाही' म्हणावे, असे मला वाटले. हे मी येथे लिहून ठेवतो. मी एकदा बोललो होतो. त्याला ऐकू आले नव्हते. निम्मे काम झाल्यासारखे वाटत होते. मग मी उठलो. सरपणाची चार लाकडे बाजूला केली, त्याच्या डाव्या हाताला बसलो आणि पुन्हा सांगितले.

"धोंडिबा, दडा बसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही माझ्याकडे आला होता. ती वेळ बरोबर होती. घेरी सकाळपासून आहे, असेही तुम्ही सांगितले होते. मी मळ काढला आणि तुम्हाला घरी पाठवले. तपासायला हवे होते, तपासले नाही. तुम्ही उशीर केला नाही. मी केला."

मी खिशातला कागद काढून त्याच्यापुढे धरला. त्याला वाचता येत नाही. त्याने तो घेतलाही नाही. तो माझ्याकडे नव्हे, उंबऱ्याकडे पाहत होता.

"ऐकलं का?"

"मगाशीच ऐकलं," ठकूबाई म्हणाली.

"सात वरीस तू मला काय म्हंतीस?"

ठकूबाईने पदर सारखा केला.

"बोल की. एरवी लई बोलतीस. शेरडापायी कान घालवला, म्हंतीस. सोयऱ्यांपुढं म्हनलीस. लेकीच्या मांडवात म्हनलीस."

"म्हनले."

"आन् मी गप ऱ्हायलो. म्हनलं, खरंच हाय तिचं." मग तो माझ्याकडे वळला. आवाज चढला नव्हता. "डाक्टर, कान गेला, गेला. नशिबात नसंल. पन येवडं एक तवाच हिच्यापुढं बोलला असता, तर मी माज्या घरात ताट मानंनं बसलो असतो."

"बोलायला हवे होते."

"मग का न्हाई बोलला?"

वर येताना दोन तास मी या प्रश्नाची तयारी केली होती. दवाखान्यातली गर्दी, श्रावणातली सर्दी, औषधाने कान वाचलाच असता याची नसलेली खात्री, हे सगळे मांडून ठेवले होते.

"लाज वाटली," मी म्हणालो.

"सात वरीस?"

"हो."

धोंडिबाने मान हलवली, समजले अशा अर्थाने, आणि पुन्हा समोर पाहू लागला. मी बसून राहिलो. उठावे की थांबावे हे कळत नव्हते. ठकूबाई उंबऱ्यातून उठली, ओट्यावर आली आणि माझा कप तिने उचलला. त्यात निम्मा चहा होता, तो तिने ओट्याखाली ओतून टाकला.